जुना एस-टेन ऑटोक्रॉसला उतरवण्याआधी त्याचा मागचा ॲक्सल समजून घ्या

ओहायोत राहणाऱ्या एका मराठी वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे १९९६ सालचा शेवरले एस-टेन पिकअप आहे. केबिन एकेरी, हौदा आखूड, जोर फक्त मागच्या चाकांना, ४.३ लिटरचे व्ही-सिक्स इंजिन आणि पाच गिअरांचा मॅन्युअल गिअरबॉक्स. येत्या हंगामात त्याने हौशी ऑटोक्रॉसमध्ये भाग घ्यावा असा त्यांचा विचार असून खर्चाला तीन हजार डॉलर बाजूला काढले आहेत. मित्र टर्बो बसवायला सांगतात. मागची चाके फार घसरतात म्हणून हौद्यात वाळूच्या पिशव्या टाकाव्यात का, असेही त्यांनी विचारले आहे.

मी मिशिगनमध्ये सस्पेन्शनच्या चाचण्यांचे काम करतो आणि माझे बहुतेक ऑटोक्रॉस हंगाम याच पिढीच्या एस-टेनमध्ये बसून काढले आहेत. म्हणून आधी निष्कर्ष सांगतो: आपल्या गाडीला आज शक्ती कमी पडत नाही, असलेली शक्ती जमिनीपर्यंत पोचत नाही. कारखान्याने या गाडीचा मागचा भाग काही क्विंटल माल वाहण्यासाठी घडवला आहे आणि आपण ती रिकामी पळवणार आहोत. पुढे जे काही लिहितो आहे, त्यातील बहुतेक सर्व या एका विसंगतीतून निघते.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा करतो. आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हटले की मातीचा मार्ग आणि उडणारा धुरळा डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतील ऑटोक्रॉस डांबरी किंवा काँक्रीटच्या मोकळ्या मैदानावर, रबरी शंकू मांडून आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावर होतो. एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध धावते, फेरी साधारण एका मिनिटाची असते, पाडलेल्या प्रत्येक शंकूमागे दोन सेकंद वाढतात आणि वेग सहसा महामार्गावरील वेगापलीकडे जात नाही. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, या प्रकाराला ‘सोलो’ म्हणते. तिची राष्ट्रीय स्पर्धा नेब्रास्कातील लिंकन येथे भरते.

खरेदीला निघण्यापूर्वी आयोजकांना एक प्रश्न विचारावा: हा पिकअप त्यांना चालेल का? उंच आणि अरुंद गाडी उलटण्याचा धोका असल्यामुळे सोलोच्या नियमपुस्तकात अशा गाड्यांना अटकाव करणारे कलम आहे, आणि स्थानिक सुरक्षा अधिकाऱ्याचा शब्द अंतिम असतो. ही अट मला अगदी योग्य वाटते. अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था ज्याला स्थिर-स्थैर्य गुणांक म्हणते, तो काढायला सोपा आहे: डाव्या-उजव्या टायरांच्या मध्यरेषांतील अंतर, म्हणजे ट्रॅक, भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. साध्या मोटारींमध्ये हा आकडा बहुधा १.३ ते १.५ असतो, तर पिकअप आणि एसयूव्हींमध्ये १.० ते १.३. उदाहरणापुरता ट्रॅक ५५ इंच आणि गुरुत्वमध्याची उंची २३ इंच धरली, तर उत्तर १.२ येते. गुरुत्वमध्य अडीच इंच खाली आणला की तेच उत्तर १.३४ होते. पिकअप बुटका करणे ही म्हणूनच दिखाऊपणाची बाब नसून सुरक्षेची पहिली पायरी आहे. जे आयोजक मूळ उंचीच्या गाडीला नकार देतात, ते बुटकी गाडी तपासून पाहायला बहुधा तयार होतात.

यानंतर हातमोज्यांचा कप्पा उघडून आतील स्टिकर वाचावा. जनरल मोटर्स त्यावर गाडीला बसवलेल्या पर्यायांचे तीन-तीन अक्षरांचे संकेत छापत असे. जीयू-सहा म्हणजे मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर ३.४२ आणि जीटी-चार म्हणजे ३.७३. जी-ऐंशी दिसला, तर ॲक्सलमध्ये लॉक होणारा डिफरन्शियल आहे. डिफरन्शियल म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरयंत्रणा; लॉक लागला की दोन्ही चाके एकत्र फिरतात. मात्र त्यावर आनंदून जाऊ नये. हा लॉक दोन चाकांच्या गतीत मोठा फरक पडल्यावरच एकदम धरतो आणि ताशी तीसेक किलोमीटरच्या पुढे लागतच नाही. चिखलातून किंवा बर्फातून निघण्यासाठी तो उत्तम आहे. शंकूंच्या मार्गावर वेग बहुतेक वेळ त्याहून जास्त असल्याने तो असून नसल्यासारखाच ठरतो.

त्यानंतर गाडी लिफ्टवर चढवावी. ओहायो आणि मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात आणि तीस वर्षांत ते मीठ चासीला खाऊन टाकते. मागच्या सस्पेन्शनच्या पाट्यांचे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या कमानी स्प्रिंगचे, हँगर जिथे चासीला रिव्हेट केलेले असतात तिथे, चासीच्या खालच्या पट्टीवर आणि विशेषतः ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. गंजलेली ब्रेक-नळी सावकाश चालवताना वर्षभर टिकते आणि पहिल्या जोरदार ब्रेकला फुटते. माझी अशीच एक नळी हंगामाच्या पहिल्याच फेरीनंतर, गाडी रांगेत उभी करताना फुटली. ती दहा सेकंद आधी फुटली असती तर काय झाले असते, याची आठवण मला आजही अस्वस्थ करते. नळ्यांबद्दल शंका असेल, तर तांबे-निकेलच्या नव्या नळ्या टाकाव्यात आणि हा खर्च तीन हजारांत धरू नये, कारण तो शर्यतीचा खर्च नव्हे. पुढच्या बाजूला चारही बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग आणि स्टिअरिंगच्या जोडदांड्याला आधार देणारा आयडलर आर्म हलवून पाहावेत. या गाड्यांमध्ये आयडलर आर्म लवकर ढिला होतो, आणि तो ढिला असताना केलेले अलाइनमेंट म्हणजे केवळ कागदावरचे आकडे असतात.

गाडी निकोप निघाली की जवळपास निम्मे पैसे टायर आणि चाकांवर घालावेत. आपल्या गाडीला मूळचे २०५/७५ आर १५ टायर असतील, तर त्यांचा व्यास सुमारे ६८९ मिलिमीटर भरतो आणि त्यांच्या उंच, लवचीक भिंतींमुळे स्टिअरिंग फिरवल्यानंतर गाडी वळायला क्षणभर उशीर लागतो. हौशी वर्गांमध्ये सर्वांत प्रचलित असलेले २०० ट्रेडवेअरचे (हा झिजेचा अंक; कमी अंक म्हणजे मऊ, चिकट रबर) टायर २४५/४० आर १७ या मापात सहज मिळतात. त्यांचा व्यास सुमारे ६२८ मिलिमीटर आहे. म्हणजे केवळ टायर बदलल्याने गाडी ३० मिलिमीटर खाली बसते आणि गिअरिंग जवळपास नऊ टक्क्यांनी आखूड होऊन प्रवेग वाढतो. टर्बोच्या किमतीच्या एका छोट्या हिश्शात मिळणारी ही सुधारणा आहे. चाकांची बोल्ट-रचना पाच बोल्ट आणि पावणेपाच इंच अशी, म्हणजे शेवरलेच्याच त्या काळच्या कमॅरो या स्पोर्ट्स कारची असल्यामुळे भंगारबाजारात चाके पुष्कळ मिळतात. फक्त ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसते ते, मोजून घ्यावा. स्टिअरिंग पूर्ण फिरवून आणि सस्पेन्शन पूर्ण दाबून टायर वरच्या आर्मला किंवा फेंडरला घासत नाही, हे चाके विकत घेण्यापूर्वीच पाहावे.

लहान टायरांची एक किंमतही आहे. दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर २.२, ॲक्सल ३.४२ आणि इंजिनाचे मिनिटाला ५००० फेरे धरले, तर नव्या टायरांवर दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ७८ किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो, जुन्या टायरांवर तो ८६ मिळाला असता. आपल्या भागातील मैदाने मोठी आणि मार्ग वेगवान असतील, तर तिसरा गिअर टाकावा लागेल आणि प्रत्येक गिअरबदलाला वेळ जाईल. ॲक्सलमध्ये ३.७३ निघाला, तर हा हिशेब आधी करावा आणि थोडा उंच टायर घ्यावा.

आता उंचीबद्दल. पुढे दोन इंची ड्रॉप स्पिंडल, म्हणजे चाकाची धुरी दोन इंच वर घेऊन गाडी खाली बसवणारे स्पिंडल, लावावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. स्प्रिंग कापून किंवा आखूड स्प्रिंग घालूनही गाडी खाली बसते. मात्र त्यात सस्पेन्शनची चाल कमी होते, रबरी बंपस्टॉपवर गाडी लवकर आदळते आणि आदळताच पुढच्या टायरांची पकड अचानक सुटते. ड्रॉप स्पिंडलमध्ये आर्मचे कोन मूळचेच राहतात आणि चाल शाबूत राहते. मागे कमी उंचीचे पाटे किंवा लांब शॅकल (पाट्याचे मागचे टोक चासीला जोडणारी कडी) घेऊन गाडी पुढच्याइतकीच खाली आणावी. ॲक्सल पाट्यांच्या दुसऱ्या बाजूला नेऊन पाच इंच खाली आणणारी किट मिळतात. त्यांच्यासाठी ॲक्सलच्या वर चासी कापून कमान द्यावी लागते आणि आपल्या कामाला एवढी उतरण लागत नाही.

बुटकेपणाने किती फरक पडतो ते पाहा. चालकासह गाडीचे वजन १४५० किलो आणि वळणावरची पकड ०.९ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट, धरली, तर २३ इंच उंचीच्या गुरुत्वमध्यामुळे आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे ५४५ किलो भार सरकतो. उंची साडेवीस इंच झाली की तोच भार ४८५ किलोच्या घरात येतो. ही साठ किलोची बचत आतल्या चाकांना मिळते, आणि आपली गाडी वळणातून बाहेर पडताना आतलेच मागचे चाक गरगर फिरते.

येथून मागच्या ॲक्सलकडे वळतो. रिकाम्या पिकअपच्या वजनातील साठ टक्क्यांच्या आसपास भाग पुढच्या चाकांवर असतो. मागचे पाटे मात्र भरलेल्या हौद्याच्या हिशेबाने ताठ केलेले असतात. त्यामुळे मैदानावरील काँक्रीटच्या सांध्यावरून जाताना मागचा भाग दबत नाही, तो उडतो. अनेकजण येथे पहिली चूक करतात आणि मागे जाड अँटी-रोल बार लावतात. बार लावल्यावर गाडी कमी कलते, पण मागच्या बाजूचा कलणविरोध वाढल्यामुळे सरकणाऱ्या भारातील मोठा वाटा मागचा ॲक्सल उचलतो, आतले मागचे चाक आणखी हलके होते आणि उघडा डिफरन्शियल इंजिनाची सर्व शक्ती त्याच निराधार चाकाकडे सोडून देतो. पाट्यांच्या गाडीत मागचे रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो, मुळातच उंच असते, म्हणजे मागच्या ॲक्सलने आपला वाटा आधीच उचललेला असतो. म्हणून जाड बार पुढे लावावा, मागे काही लावू नये. १९९९ ते २००३ दरम्यान विकल्या गेलेल्या एक्सट्रीम या बुटक्या आवृत्तीचे अनेक भाग आपल्या गाडीला बसतात, आणि तिचा पुढचा बार भंगारात मिळाला तर जरूर घ्यावा. जाड पुढच्या बारामुळे गाडी पुढून थोडी अधिक घसरेल, हे खरे आहे. तो दोष अलाइनमेंटने बराच भरून निघतो.

पाट्यांच्या गठ्ठ्यातील सर्वांत खालचा, जाड आणि सरळसा पाटा भार वाढल्यावर आधार देण्यासाठी असतो. तो काढला की मागचा भाग काँक्रीटच्या सांध्यांवर शांत राहतो. तो काढल्यानंतर यू-बोल्ट नवे घालावेत, जुने पुन्हा आवळू नयेत. पाटे कमी झाले की वेगळा त्रास सुरू होतो: एकदम थ्रॉटल दिल्यावर ॲक्सल स्वतःभोवती पिळला जातो, पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, सुटतो, पुन्हा वाकतो, आणि चाक जमिनीवर टपटप आपटू लागते. हीच उसळी जोरदार ब्रेकखालीही येते. माझ्या गाडीत ती मी दोन महिने चालवून घेतली आणि शेवटी प्रॉपेलर शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट तुटला. यावर उपाय म्हणजे ॲक्सलपासून पाट्याच्या पुढच्या डोळ्याजवळपर्यंत जाणारे ट्रॅक्शन बार. पाट्याच्या पुढच्या डोळ्यातील जुने रबरी बुश काढून पॉलियुरेथेनचे घालावेत. मागच्या शॅकलमध्ये मात्र रबर राहू द्यावे, म्हणजे पाटा पिळताना अडकत नाही.

ॲक्सल डाव्या-उजव्या दिशेने सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड लावण्याची शिफारस वाचनात येते. पाटे जुने आणि बुश झिजलेले असताना त्याचा फरक फार मोठा जाणवतो, कारण स्लॅलममध्ये, म्हणजे एका रांगेतील शंकूंमधून नागमोडी जाताना, गाडीचे शेपूट एका शंकूने मागे राहिल्याची भावना त्यामुळेच जाते. नवे बुश घातल्यावर फरक लहान उरतो. पहिल्या हंगामात मी तो लावणार नाही. लावलाच, तर शक्य तितका लांब आणि उभ्या गाडीत जमिनीला समांतर असावा, नाहीतर ॲक्सल वर-खाली होताना तो स्वतःच त्याला बाजूला ओढतो.

तीन हजारांतील उरलेला मोठा खर्च गिअरांवर चालणाऱ्या लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलवर करावा. ईटनचा ट्रूट्रॅक त्याच जातीचा आहे. त्यात क्लचच्या चकत्या नसतात, तो रोजच्या वापरात जाणवत नाही आणि चाक पूर्ण हवेत नसेल तोवर दोन्ही चाकांना जोर वाटून देतो. ही गोष्ट ‘चाक पूर्ण हवेत नसेल तोवर’ या अटीवर अवलंबून आहे, म्हणूनच मागच्या बारबद्दल मी इतके आग्रहाने लिहिले. डिफरन्शियल बसवताना क्राउन-पिनियनची बॅकलॅश, म्हणजे दातांमधील मोकळीक, डायल गेजने मोजून लावावी लागते. हे काम पूर्वी केलेले नसेल, तर ॲक्सलचे काम करणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

वाळूच्या पिशव्यांचे उत्तर नाही असे आहे. हिवाळ्यात बर्फात पकड मिळावी म्हणून येथील लोक हौद्यात पिशव्या टाकतात आणि त्या कामाला ते योग्यच आहे. स्पर्धेत सुटे वजन तपासणीतच काढायला लावतात. ते बांधून घेतले, तरी ॲक्सलच्या मागे ठेवलेले वजन वळणात लंबकासारखे वागते. गाडी घसरायला लागली की ते तिला आणखी बाहेर ओढते आणि सावरायला जास्त वेळ घेते. त्यापेक्षा बॅटरी पुढून काढून हौद्यात, ॲक्सलच्या शक्य तितकी जवळ, उजव्या बाजूला, पक्क्या पेटीत बसवावी. चालक डावीकडे बसत असल्याने डाव्या-उजव्या वजनाचा समतोलही त्यामुळे सुधारतो. पेट्रोलची टाकी मात्र पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नये, कारण लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जाते आणि पंप हवा ओढू लागतो.

पुढच्या अलाइनमेंटसाठी सुरुवातीला उणे दोन अंश कॅम्बर (चाकाचा माथा आत कललेला), चार अंशांहून अधिक धन कॅस्टर (स्टिअरिंगचा अक्ष मागे झुकलेला) आणि एकूण दीड मिलिमीटर टो-आउट (चाकांची तोंडे किंचित बाहेर) ठेवावा. या सस्पेन्शनच्या मूळ रचनेत गाडी कलताना बाहेरच्या टायरला पुरेसा उणे कॅम्बर मिळत नाही आणि टायर बाहेरच्या कडेवर चढतो. थोडे उंच वरचे बॉल जॉइंट घातल्यास ही उणीव बरीच भरून निघते, आणि माझ्या अनुभवात पुढच्या बाजूला केलेला एवढा स्वस्त आणि एवढा उपयोगी बदल दुसरा नाही. शॉक ॲब्सॉर्बर चांगले, एकनळी, बुटक्या उंचीसाठीच बनवलेले घ्यावेत. येथे काटकसर केली, तर वरील सर्व काम निम्मेच उपयोगी पडते.

ब्रेकना मोठ्या डिस्कची गरज नाही. एका मिनिटाच्या फेरीत ते तापून निकामी होत नाहीत. नवे द्रव, बरे पॅड आणि मागचे ड्रम नीट समायोजित केलेले असावेत. एबीएसच्या नळ्यांमध्ये पुढच्या-मागच्या ब्रेकमधील जोराची वाटणी बदलणारा वेगळा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह घालण्याचा मोह टाळावा. बाकड्यासारख्या सीटवरून वळणात सरकायला होते आणि चालक स्टिअरिंगला धरून स्वतःला सावरत बसतो. बादलीसारखी सीट मिळेपर्यंत सीट मागे नेऊन, पट्टा झटक्याने ओढून लॉक करून, मग सीट पुढे घ्यावी, म्हणजे कंबर घट्ट बसते. हेल्मेट स्नेल या संस्थेने प्रमाणित केलेले आणि त्या वर्षीच्या नियमांत बसणारे असावे.

मैदानावर पहिल्या दिवशी टायरमध्ये हवा पुढे ३६ आणि मागे ३० पीएसआय ठेवून सुरुवात करावी आणि टायरच्या खांद्यावर पांढऱ्या खडूच्या रेषा ओढाव्यात. फेरीनंतर खडू ट्रेडच्या कडेपलीकडे, भिंतीवरून पुसला गेला असेल तर हवा वाढवावी. ट्रेडच्या कडेपर्यंतही पुसला नसेल तर कमी करावी. दोन फेऱ्यांच्या मध्ये एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत लिहावी, कारण दिवसभरात चालकही सुधारत असतो आणि बदलाचा परिणाम कोणता व सरावाचा कोणता हे नंतर ओळखता येत नाही.

टर्बोबद्दल दुसऱ्या हंगामाच्या शेवटी पुन्हा विचारावे. तोवर इंजिनाला नवे प्लग, नव्या वायरी आणि स्वच्छ थ्रॉटल बॉडी पुरेशी आहे.

पहिल्या काही स्पर्धांत एक गोष्ट गाडीत नव्हे, तर नजरेत बदलावी लागेल. आपल्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर, २७५० मिलिमीटर आहे, शेजारी उभ्या असलेल्या जुन्या मियाटा या माझदाच्या छोट्या स्पोर्ट्स कारचा २२६५. हा जवळपास अर्ध्या मीटरचा फरक वळणाच्या आतल्या बाजूला दिसतो: पुढचे चाक शंकूला सहज चुकवते आणि मागचे त्याच शंकूवरून जाते. मार्ग पायी पाहताना प्रत्येक आतल्या शंकूजवळ थांबून मागचे चाक कुठून जाईल ते जमिनीवर पाहावे, स्टिअरिंग थोडे उशिरा वळवावे आणि शंकू आपल्या दाराच्या मागे गेला तरी तो संपला असे समजू नये. हौदा अजून यायचा असतो.